निळ्या चिनीचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ पाहूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याची थोरवी एकदां मान्य केली त्याच्या जन्माची चौकशी करून कोणाचेंच भलें होत नाहीं, हा तिचा भावार्थ, आणि तो शहाणपणाचा आहे. परंतु ही म्हण जेथें मुळींच चालत नाहीं असा एक प्रांत आहे. तो म्हणजे जुन्या निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचा. तेथें कूळ हेंच मोल. एकाच घाटाच्या, एकाच नक्षीच्या, डोळ्यांस सारख्याच निळ्या दिसणाऱ्या दोन थाळ्या शेजारीं शेजारीं ठेवाव्या, तर एकीसाठीं लक्षावधि रुपये मोजणारे लोक निघतात आणि दुसरींत घरची बाई निःशंकपणें पोहे वाढते. हें कूळ ओळखावें कशावरून, हा प्रश्न हौशी संग्राहकांचा आणि व्यापाऱ्यांचा, असा सामान्य समज आहे. आमच्या मतें तो टीकाकाराचाहि प्रश्न आहे. किंबहुना टीकाकारानें वाङ्मयांत ज्या चुका वारंवार केल्या त्यांचें इतकें स्वच्छ, हातांत धरून उलटेंपालटें करतां येण्याजोगें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल. म्हणून वाङ्मयाला वाहिलेल्या या पृष्ठांत भांड्यांची चर्चा करण्याची मोकळीक आम्ही घेत आहों.

विषय निघाला तो चुडाव्यास. परभणी जिल्ह्यांत पूर्णा जंक्शनाहून नांदेडकडे जातांना हें गांव लागतें. तेथील एका जुन्या माळवदी वाड्यांत कौटुंबिक निमित्तानें आमचें जाणें झालें होतें. माजघराच्या देवळींत एक निळी-पांढरी थाळी भिंतीला टेकून उभी केलेली होती. सणावारीं तिलाहि हळदकुंकू लागत असावें, कारण तिच्या कांठावर त्याचे डाग होते. घरच्या वृद्ध बाईंनीं ती दोन्ही हातांनीं उचलून आमच्यापुढें धरली आणि त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, हिच्यात विष पडलं तर ही आपोआप तडकती.’’ थाळीच्या पाठीवर निळ्या रंगांत सहा चिनी अक्षरें होतीं. नातवानें तीं कोणाकडून तरी वाचवून घेतलीं होतीं: महान् मिंग घराण्याच्या चंगहुआ राजवटींत निर्मिलें. ही राजवट इ. स. १४६५ ते १४८७ पर्यंतची. जूनमध्यें त्या मुलाला महाविद्यालयांत प्रवेश घ्यावयाचा होता. त्यासाठीं दोन एकर रान गहाण टाकावें कीं थाळी विकावी, असा खल घरांत चालला होता, आणि प्राध्यापक घरीं आलेच आहेत तर त्यांचें मत घ्यावें असें ठरलें होतें.

आम्हीं थाळी पाहिली. मध्यभागीं चीड, बांबू आणि फुललेला आलुबुखार अशी त्रयी, भोंवतीं पानाफुलांच्या चौकटी, आणि पाठीवर तीं सहा अक्षरें. चित्र चिनी, अक्षरें चिनी, घराण्यांतील आठवण जुनी. आम्ही म्हणालों, ‘‘असूं शकेल. पांचशें वर्षांची असूं शकेल.’’ हें बोलणें किती बेजबाबदारपणाचें होतें तें त्या क्षणीं कळलें नाहीं. घरच्या मंडळींच्या मुद्रा उजळल्या, आणि रात्रीं जेवतांना गहाणाची गोष्ट कोणी काढली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओसरीवरच्या उन्हांत थाळी पुन्हां हातीं घेतली, या खेपेस ती उपडी घातली, आणि आमचें मत आम्हांसच परत घ्यावें लागलें. तें कां फिरलें, हें सांगण्यासाठींच हा लेख.

आम्ही कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस चार्ल्स लँबचा ‘ओल्ड चायना’ (१८२३) हा निबंध शिकवीत आलों. पेल्यावरचीं निळीं माणसें अधांतरीं तरंगतात, त्यांना दूर-जवळचा भेद ठाऊक नाहीं, याचें त्यांत मोठें कौतुक आहे. पेला उलटून पाहण्याची गरज लँबला पडत नाहीं, आणि पडावी असेंहि नाहीं. त्याला आठवणी सांगावयाच्या होत्या, मोल ठरवावयाचें नव्हतें. आमची चूक ही कीं, मोल विचारलें असतां आम्ही लँबच्या डोळ्यांनीं पाहत बसलों.

प्रथम ‘चिनी’ या शब्दाचाच विचार करूं. आपली लोणच्याची बरणी चिनी, चहाची बशी चिनी, वैद्याचा खल चिनी. यांपैकीं बहुतेक जिनसांनीं चीन देश स्वप्नांतहि पाहिलेला नसतो. मराठींत ‘चिनी’ हें देशवाचक विशेषण राहिलें नाहीं, तें पदार्थवाचक झालें आहे. याचा मोठा दाखला मराठवाड्यांतच उभा आहे. देवगिरीच्या किल्ल्यांत चिनी महाल आहे. १६८७ त गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबानें शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा यास तेथें कैदेंत ठेविलें. महालास नांव पडलें तें भिंतींवर बसविलेल्या निळ्या झिलईच्या फरशांवरून. त्या फरशांची कला इराणी वळणाची. चीनशीं संबंध नांवापुरता. आग्र्याच्या ‘चिनी का रौजा’चीहि हीच कथा. झिलई दिसली, निळाई दिसली, कीं ‘चिनी’ म्हणावें ही आपली शेंकडों वर्षांची सवय आहे. विषानें तडकण्याचा गुणहि असाच उसना. ती समजूत मुळांत फिकट हिरव्या झिलईच्या, ‘मर्तबानी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थाळ्यांविषयींची. आणि त्या थाळ्यांना हें नांव मिळालें ब्रह्मदेशांतील मर्तबान बंदरावरून, त्या घडविणाऱ्या चिनी भट्ट्यांवरून नव्हे. माल ज्या बंदरांत चढला त्याचें नांव मालाला, ज्या राजाच्या घरीं गेला त्याची कथा मालाला. घडविणारा गांव मात्र विसरला जातो.

आतां खुद्द निळ्या-पांढऱ्या भांड्याचें कूळ काढूं गेलें तर तेंहि एका देशांत थांबत नाहीं. माती चीनची: जियांगशी प्रांतांतील जिंगदेझेनच्या परिसरांत मिळणारी पांढरी काओलिन आणि कुटून तिच्यांत मिसळलेला एक दगड, हीं दोन्ही सुमारें १३०० अंश सेल्सिअसच्या आंचेंत कांचेसारखीं एकजीव होतात. पण रंग कोबाल्टचा, आणि चौदाव्या शतकांत उत्तम कोबाल्ट येई तो इराणच्या बाजूनें. चिनी लोक पुढें अशा रंगाला ‘मुसलमानी निळा’ असेंच म्हणूं लागले. मोठाल्या थाळ्यांचें गिऱ्हाइकहि बहुतांशीं पश्चिमेकडचें, भोंवतीं बसून एकाच थाळींत जेवणाऱ्या लोकांचें. दिल्लीस १९६१ सालीं फिरोजशहा तुघलकाच्या राजवाड्याच्या जागीं चौदाव्या शतकांतील चिनी थाळ्या-वाडग्यांचे तुकडे सांपडले. त्यांतील कित्येकांवर शाही मुदपाकखान्याच्या खुणा आहेत. घरीं मात्र या मालास मान नव्हता. १३८८ त त्साव झाव या चिनी रसिकानें जुन्या वस्तूंच्या पारखीवर ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें निळ्या-पांढऱ्या भांड्यांस अगदीं ग्राम्य ठरविलें आहे. आज ज्यास आपण चिनी कलेचें शिखर म्हणतों तें त्या काळच्या चिनी रसिकाला परक्या गिऱ्हाइकांसाठीं केलेलें भडक काम वाटत होतें.

हा इतिहास आज इतक्या खात्रीनें सांगतां येतो याचें श्रेय बऱ्याच अंशीं मुंबईंत जन्मलेल्या एका गृहस्थांकडे जातें. सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२-१९६४) हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकीं सर ससून डेव्हिड यांचे चिरंजीव. त्यांच्या संग्रहांत निळ्या-पांढऱ्या कलशांची एक उंच जोडी होती. कलशांच्या मानेवर लेख आहे: झांग वेनजिन नांवाच्या भक्तानें घरच्यांच्या कल्याणासाठीं ते देवळास वाहिले, साल येतें इ. स. १३५१. १९२९ त हॉब्सन यांनीं हे कलश प्रसिद्धीस आणले. पुढें जॉन पोप या अमेरिकन संशोधकानें इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांतील आणि इराणांतील अर्देबिलच्या दर्ग्यांतील भांडीं या जोडीशीं ताडून पाहिलीं, आणि १९५२ व १९५६ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनीं चौदाव्या शतकांतील मालाचें कूळ निश्चित करून दिलें. त्साव झावचा तो ग्रंथ इंग्रजींत आणला तोहि डेव्हिड यांनींच. भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ त, बाहेर पडलें. त्यांचा संग्रह २००९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें पाहावयास मिळतो.

येथें एक शंका संभवते. कलशांवरचा लेख खरा मानावयाचा आणि चुडाव्याच्या थाळीवरचा खोटा, हा पंक्तिप्रपंच कशासाठीं? उत्तर असें कीं, कलशांवरचा मजकूर ही एका माणसानें एका प्रसंगीं केलेली नोंद आहे; तींत दात्याचें नांव, गांव, देऊळ, दिवस आणि हेतु आहे. थाळीवरचीं सहा अक्षरें ही नोंद नव्हे, ती मुद्रा होय. आणि मुद्रा उचलतां येते. मराठी वाचकास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. ‘नामा म्हणे’ एवढ्यावर विसंबून गाथा जुळविणारांनीं ज्ञानदेवांच्या समकालीन नामदेवांच्या अभंगांत सोळाव्या शतकांतील विष्णुदास नाम्याचीं पदें मिसळून टाकलीं, आणि तीं वेगळीं करतांना अभ्यासकांस पुरे कष्ट पडले. ‘तुका म्हणे’ची कथा निराळी नाहीं. अशा सर्वच कवींस लबाड म्हणतां येणार नाहीं; कित्येकांनीं भक्तीनें, कित्येकांनीं नम्रतेनें थोराचें नांव शेवटीं घातलें असेल. परंतु अभंग कोणाचा हें ठरवितांना मुद्रा हा पुरावा नव्हे. तेथें भाषा पाहावी लागते: कोणतें विभक्तिरूप, कोणता फारसी शब्द, कोणतें वळण.

चिनी कुंभारांचेंहि असेंच झालें. चंगहुआ राजवटींतील नाजूक काम पुढच्यांस आदर्श वाटे. म्हणून दोनशें वर्षांनंतर कांगशी राजवटींत त्याच राजवटीची मुद्रा नव्या मालावर सर्रास लिहिली गेली. १६७७ त जिंगदेझेनच्या बाजूच्या एका अधिकाऱ्यानें चालू बादशहाचें नांव भांड्यांवर घालण्यास मनाई केली, कारण भांडें फुटलें म्हणजे पवित्र नांव उकिरड्यावर जाई. मग कुंभारांनीं जुन्या राजांचीं नांवें घातलीं, कोठें नुसतें पान काढलें, कोठें दोन वर्तुळें काढून मध्यें कांहींच लिहिलें नाहीं. जपानी कुंभारांनीं मिंग मुद्रा मोकळ्या हातानें वापरल्या. इराणी कुंभारांना तीं अक्षरें वाचतां येत नव्हतीं. त्यांनीं अक्षरांचीच नक्षी केली. उलट रोमन लिपींत देशाचें नांव असेल तर तें बहुधा १८९१ नंतरचें समजावें. त्या वर्षापासून अमेरिकेंत जाणाऱ्या मालावर तें घालणें तेथील कायद्यानें भाग पडलें. पण असें नांव नाहीं म्हणून भांडें जुनें, हा तर्क मात्र करूं नये. अमेरिकेच्या वाटेस न गेलेला माल थोडा नाहीं.

चित्रहि मुद्रेसारखेंच. चित्र कागदावर उतरतें, कागद गलबतांतून जातो, आणि गिऱ्हाइक मागेल तें कुंभार काढून देतो. इंग्लंडांत १७९० च्या सुमारास निघालेली ती प्रसिद्ध ‘विलो’ नक्षी, जींत पूल आहे, वाळुंजाचें झाड आहे, दोन पांखरें आहेत, ती चिनी म्हणून जगभर खपली. तिची जुळणी इंग्रज कारखान्यांतली. म्हणजे जें प्रथम डोळ्यांत भरतें, चित्र आणि मुद्रा, नेमकें तेंच प्रवास करतें. जें प्रवास करीत नाहीं तें पाहावयास हवें.

तें असतें तळाशीं. भांड्याच्या बुडाशीं जें कडें असतें त्यावर सहसा झिलई नसते. तेथें भांड्याची माती उघडी दिसते. ती बारीक, दाट, बोटाला गुळगुळीत लागणारी आणि झिलईच्या सीमेवर किंचित् नारिंगी छटा घेतलेली असेल, तर जिंगदेझेनकडे बोट दाखवितां येतें. कडें राकट असून त्याला वाळूचे जाड कण भाजून चिकटले असतील, तर दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील झांगझोऊ भागांतील भट्ट्या आठवाव्या. बूड तपकिरी रंगाच्या हातानें सारवल्यासारखें असेल आणि माती करडी, तर व्हिएतनाम. तेथें पंधराव्या-सोळाव्या शतकांत निळा-पांढरा माल विपुल होत असे, आणि होई-आन बंदरासमोर बुडालेल्या एका जहाजांतून १९९७ ते १९९९ या काळांत त्याचे सुमारें अडीच लाख नग वर काढण्यांत आले. खपली निघालेल्या जागीं माती साखरेसारखी दाणेदार दिसत असेल, भांडें हातास हलकें आणि वाजविल्यास मुकें असेल, तर तें खऱ्या अर्थानें चिनी मातीचें नव्हेच. तें इराणांतील किर्मान-मेशेदकडचें गारगोटीच्या पुडीचें काम असण्याचा संभव आहे. आपल्या जयपूरच्या निळ्या भांड्यांची जातहि हीच. तीं तर जवळजवळ ८०० अंशांवरच भाजलीं जातात.

बुडानंतर कांठ आणि झिलई. पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यावरून युरोपांत गेलेल्या, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या पातळ थाळ्यांच्या कांठावरची झिलई बारीक बारीक उडालेली असते. जपानी रसिकांनीं त्यास कीड लागल्याची उपमा दिली आहे. लांकडाला वाळवी लागावी तसा तो कांठ दिसतो. त्यानंतर निळा रंग. परदेशी कोबाल्टमध्यें लोह अधिक आणि मँगनीज कमी. म्हणून चौदाव्या-पंधराव्या शतकांतील उत्तम कामांत रेघ जेथें जाड पडली तेथें काळपट ठिपके झिलईंत रुतलेले दिसतात. चीनच्या स्वतःच्या कोबाल्टांत मँगनीज अधिक. आज क्ष-किरणांच्या उपकरणानें भांड्यास धक्का न लावतां हें प्रमाण मोजतां येतें. तरी येथेंहि सावध राहिलें पाहिजे. अठराव्या शतकांतील चिनी कुंभारांनीं त्या जुन्या ठिपक्यांवर मोहित होऊन ते कुंचल्यानें मुद्दाम टिपून काढले. चांगल्या पारख्याला ते ओळखूं येतात, कारण अपघात नियमित अंतरावर होत नसतात. आणि कोबाल्ट हीसुद्धां व्यापाराची वस्तु होती; रंगाची खाण कळली म्हणजे भट्टी कळली असें नव्हे. एकच लक्षण घेऊन निकाल देणारा हमखास फसतो. सर्व लक्षणें एका दिशेला बोट दाखवूं लागलीं म्हणजेच बोलावें.

चुडाव्याची थाळी उन्हांत उपडी घातल्यावर आम्हांस दिसलें तें असें. बुडाच्या झिलईंत, मधल्या मुद्रेभोंवतीं, मोहरीच्या दाण्याएवढे पांच खरबरीत ठिपके होते. आदल्या दिवशीं हात फिरवितांना ते बोटांस लागले होते. आम्ही त्यांस धुळीचे खडे समजलों होतों. ते भट्टींतील टेकूंचे व्रण होत. जपानांत हिझेन प्रांतांतील आरिता येथें सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून हीं भांडीं होऊं लागलीं. तेथील कारागीर मोठ्या थाळीचें बूड आंचेंत खालीं बसूं नये म्हणून त्याखालीं मातीचे लहान सुळके उभे करीत आणि भाजून झाल्यावर ते तोडून टाकीत. चिनी भट्ट्यांत ही रीत सहसा नाहीं. दुसरें, कांठावरची चौकट चार वेळां जशीच्या तशी आलेली होती, आणि जेथें शेवटची पहिलीला मिळते तेथें एक पान अर्धेंच तुटलें होतें. कुंचला असें करीत नाहीं, हा छाप. तिसरें, निळा रंग सर्वत्र सपाट आणि किंचित् जांभळट. त्यांत रुतलेपणा कोठेंच नाहीं. असा कारखान्यांत तयार झालेला कोबाल्ट आणि नक्षी छापण्याची पद्धत जपानांत १८७० नंतर पसरली. आणि मधली ती चीड, बांबू व आलुबुखार यांची त्रयी मूळची चिनी खरी, पण थाळीच्या मध्यावर वर्तुळांत ती मांडण्याची आवड आरितावाल्यांची. तात्पर्य, थाळी जपानी. मेइजी काळाच्या उत्तरार्धांतील किंवा त्यानंतर थोडक्याच वर्षांतील. घरांत ती आली तेव्हां हें गांव निजामाच्या राज्यांत होतें. आणि एवढें खरें कीं, आजेसासूबाईंच्या हातीं ती आली तेव्हां बहुधा नवीकोरी होती.

हें सांगण्याचा प्रसंग आम्हांस सोपा गेला नाहीं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमची खोटी निघाली म्हणा की.’’ नातवानें कांहींच विचारलें नाहीं. त्यानें थाळी पुसून देवळींत परत ठेविली. पुढें कळलें कीं रान गहाण पडलें. आदल्या दिवशीं आम्ही गप्प बसलों असतों तरी तें पडलेंच असतें; पण एका रात्रीची जी आशा आम्हीं त्या घरांत निष्कारण उत्पन्न केली ती आमच्या हिशेबीं जमा आहे. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याची जमीन अवलंबून आहे त्यानें मुद्रा पाहून बोलूं नये.

मात्र बाईंच्या त्या वाक्याला तेव्हां जें उत्तर आम्ही नीटसें देऊं शकलों नाहीं तें येथें देतों. थाळी खोटी नाहीं. तिच्या पाठीवरचीं सहा अक्षरें खोटीं आहेत, आणि तींहि वापरणाऱ्यानें बहुधा नक्षी म्हणूनच छापलीं. निळें-पांढरें भांडें हीच मुळीं देवाणघेवाणींतून झालेली वस्तु: इराणी रंग, चिनी माती, मुसलमानी पंगत, मग चिनी नक्षी, जपानी भट्टी, डच व्यापारी. १६४४ त मिंग घराणें पडलें, चीनचा माल दुर्मिळ झाला, तेव्हां डच कंपनीनें १६५९ त आरितास मोठी मागणी दिली, आणि अनुकरण म्हणून सुरू झालेल्या त्या कामांतून पुढें एक स्वतंत्र कला उभी राहिली. आपल्या वाङ्मयांतहि हें घडलें आहे. देवलांच्या ‘झुंझारराव’ (१८९०) नाटकाचें कथानक शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चें, तेवढें सांगून नाटकाचा निकाल लावणारा टीकाकार नक्षी पाहून थाळी चिनी ठरविणाराच होय. कथानक प्रवास करतें. नाटक कोणत्या मातीचें हें त्याच्या संवादांच्या मराठीवरून ठरतें. मुद्रेला भुलून क्षुद्रास थोर म्हणणें आणि नक्षी उसनी दिसतांच थोरास क्षुद्र म्हणणें, हे दोन्ही दोष एकाच आळसाचे आहेत. दोहोंतहि भांडें उलटून पाहण्याचे कष्ट टाळलेले असतात.

ते कष्ट घेणाऱ्यांत आपल्याकडे पहिला मान एकनाथांचा. शके १५०६ त, म्हणजे १५८४ सालीं, त्यांनीं पैठणास ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ओवीखालीं ज्ञानदेवांचें नांव आहे एवढ्यानें ती ज्ञानदेवांची, असें त्यांनीं मानलें नाहीं. त्याच वर्षीं चीनमध्यें वानली राजवट चालू होती, आणि पोर्तुगीजांचीं गलबतें पूर्वेकडचीं निळीं भांडीं गोव्यास आणीत होतीं. त्या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध नाहीं. पण अस्सल-नक्कल निवडण्याची गरज गोदाकांठीं ग्रंथांस पडली होती आणि आज भांड्यांस पडली आहे, एवढा योग आम्हांस नोंदण्यासारखा वाटतो.

ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनीं डोळा घडविण्यासाठीं अस्सल वस्तु पाहाव्या. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी व जपानी भांडीं आहेत. मराठवाड्याच्या वाचकास हैदराबादचें सालारजंग म्यूझियम आगगाडीनें एका रात्रीच्या अंतरावर आहे. आणि ज्यांच्या घरीं अशी एखादी थाळी देवळींत उभी असेल त्यांनीं ती कोणी, कोठून, कधीं आणली हें सांगणारें माणूस हयात असतांनाच लिहून ठेवावें. चुडाव्यास आम्हीं निघण्यापूर्वीं एका कागदावर आमचें मत, त्याचीं तिन्ही कारणें आणि तारीख लिहिली, आदल्या दिवशीं आम्ही काय म्हणालों होतों तेंहि लिहिलें, आणि तो कागद थाळीच्या मागें ठेविला. पुढें येणाऱ्या पारख्यास आमची चूक सांपडली तर त्यानें त्याच कागदावर लिहावें, म्हणून खालीं जागा सोडली आहे.